'विचारसरणी' हा शब्द वापरताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मत, धोरण आणि विचारसरणी या तिघांत. टॅक्स कमी करा, हे झालं मत. सरकारने तो खरंच कमी केला की झालं धोरण. आणि माणसाच्या कमाईत सरकारने कितपत हात घालावा, बाजार मोकळा सोडावा का, गरिबांची जबाबदारी कुणाची, या सगळ्या प्रश्नांची एकमेकांना धरून असलेली उत्तरं म्हणजे विचारसरणी. त्यामुळे कुणाची एक पोस्ट वाचून त्याची विचारसरणी ठरवू नका प्लीज, कारण तेच मत दोन अगदी उलट विचारांची माणसं आपापल्या कारणांनी मांडू शकतात. शंका असेल तर सरळ विचारा, असं का वाटतं तुम्हाला? मग जी कारणं बाहेर येतात ती बघा.

दुसरी चूक म्हणजे हा शब्द, किंवा त्याचं इंग्रजी रूप आयडिऑलॉजी, शिवीसारखा वापरणं, म्हणजे समोरच्याची ती आयडिऑलॉजी आणि आपलं ते सत्य. मला हे फार खटकतं. मुळात आयडिऑलॉजी हा शब्द शिवी नव्हताच, देस्त्यूत द त्रासी या फ्रेंच विचारवंताने 1796 मध्ये तो बनवला तो 'कल्पनांचं शास्त्र' या अर्थाने, पुढे नेपोलियनचं त्रासी आणि त्याच्या साथीदारांशी बिनसलं आणि तो त्यांना हवेत बोलणारे म्हणून हिणवायला लागला, नंतर मार्क्स-एंगल्सनीही तो टीकेच्याच अर्थाने वापरला. आज अभ्यासात मात्र तो बहुतेकदा तटस्थपणेच वापरतात, आपणही तसाच वापरावा.

डावे-उजवे म्हणतानाही जरा जपून. 1789 च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेत राजाच्या बाजूचे उजवीकडे बसले आणि विरोधातले डावीकडे, तिथून हे आलं. देश बदलला की अशा शब्दांचा अर्थ सरकतो, अमेरिकेत लिबरल म्हणजे डावीकडे झुकलेला आणि युरोपात बऱ्याचदा मोकळ्या बाजाराच्या बाजूचा.

पक्ष म्हणजेच विचारसरणी, असंही नाही. पक्ष फुटतात, भूमिका बदलतात.

आता लिहिण्यातल्या चुका. 'विचारधाराचा' नाही, 'विचारधारेचा'. समाजवाद हा विचार आणि समाजवादी हा तो मानणारा माणूस, म्हणून 'तो समाजवाद आहे' असं लिहू नका. आणि 'आयडॉलॉजी' नाही हो, आयडिया मधला 'डि' त्यात आहे, आयडिऑलॉजी.