अचानक हल्ला फसतो तो पाठवतानाच: ऑनलाईन युद्धखेळांतल्या या चुका टाळा

ट्रायबल वॉर्स, ट्राव्हियन, ओगेम अशा खेळांत नवीन आलेला जवळपास प्रत्येक जण एक गोष्ट गृहीत धरतो: पहाटे तीन-चारला हल्ला पोचला की झाला अचानक हल्ला. मग तो रात्री जेवण उरकून सैन्य पाठवतो, गजर लावून झोपतो आणि सकाळी रिपोर्टवर लाल ठिपका बघतो. सैन्य साफ, आणि समोरच्या गावात चहूबाजूंनी येऊन बसलेला सपोर्ट, म्हणजे इतर गावांतून मदतीला आलेलं सैन्य. ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, ‘त्याला कळलं कसं?’

कळणारच होतं. या खेळांत हल्ला लपत नाही. ट्रायबल वॉर्समध्ये तुम्ही बटण दाबलंत की समोरच्याच्या पडद्यावर इनकमिंग उमटतं: कोणत्या गावातून निघालं आणि सेकंदापर्यंत किती वाजता पोचणार. दिसत नाही ते एवढंच, की आत काय आहे. म्हणून अचानकपणा साधायचा तर दोनच वाटा आहेत. आत काय आहे हे त्याला ओळखू द्यायचं नाही, किंवा ओळखल्यावर काही करायला वेळ उरू द्यायचा नाही. बहुतेक चुका या दोन्ही गोष्टी सोडून तिसऱ्याच गोष्टीच्या मागे लागल्याने होतात.

पोचण्याची वेळ पाहिली, निघण्याची नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

समजा तुमचं गाव ५१२|४८७ वर आणि लक्ष्य ५२४|४९२ वर. आडवा फरक १२, उभा ५, म्हणजे अंतर नकाशावरची बरोबर १३ घरं. नॉर्मल स्पीडच्या वर्ल्डवर (खेळाच्या सर्व्हरवर) स्काउटला (हेराला) एका घराला ९ मिनिटं लागतात, लाईट कॅव्हलरीला (हलक्या घोडदळाला) १०, ॲक्सला (कुऱ्हाडवाल्या पायदळाला) १८, भिंत पाडणाऱ्या रॅमला आणि इमारती पाडणाऱ्या कॅटॅपल्टला ३०, गाव ताब्यात घेणाऱ्या नोबलला ३५. १३ घरांना रॅमला साडेसहा तास लागतात आणि नोबलला ७ तास ३५ मिनिटं. पहाटे ४ ला पोचायचं, तर नोबल रात्री ८:२५ ला निघायला हवा आणि रॅम ९:३० ला.

आता समोरच्याच्या जागी बसा. त्याने रात्री ८:४० ला गेम उघडला, तर इनकमिंगवर ७ तास २० मिनिटं शिल्लक दिसतात. रॅम निघता क्षणी पाहिला असता तरी साडेसहा तासांच्या वर आकडा दिसला नसता. म्हणजे हा नोबलच, दुसरं काही असूच शकत नाही. त्याच्या हातात अख्खी रात्र आहे. तोच माणूस दहा वाजता गेममध्ये आला असता, तर सहा तास शिल्लक दिसले असते. आता हा रॅम असेल, नोबल असेल, किंवा नुसता फेक, म्हणजे फसवायला सोडलेला खोटा हल्ला असेल. त्याला सांगता येणार नाही.

फरक पडतो तो पहिल्या ६५ मिनिटांनी. तेवढ्या वेळात त्याने गेम उघडला नाही, तर तुमचा नोबल रॅमच्या गर्दीत मिसळून गेला. म्हणून तो केव्हा झोपतो यापेक्षा तो केव्हा ऑफलाईन असतो आणि पुन्हा केव्हा डोकावतो हे जास्त महत्त्वाचं. पुण्याचा खेळाडू असेल तर अंदाज फार अवघड नाही. हिंजवडीहून संध्याकाळी निघालेला माणूस वाकडच्या ट्रॅफिकमध्ये फोनवर असतो, त्या वेळी पाठवू नका. घरी पोचून जेवायला बसतो, तेव्हा पाठवा. क्लासला जाणारी मुलं क्लास चालू असताना फोन बॅगेत ठेवतात. अनंत चतुर्दशीच्या रात्री लक्ष्मी रोडवर उभ्या असलेल्या माणसाला नेटवर्क मिळालं तर नशीब.

याला एक मर्यादा मात्र मी पाळतो आणि इतरांनीही पाळावी असं मनापासून वाटतं. सण, ऑफिसच्या वेळा, मॅच या सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टी आहेत. पण समोरच्याच्या घरी आजारपण आहे असं कुणाकडून कळलं, म्हणून त्याच दिवशी नोबल सोडणं हा खेळ नाही. अशा वेळी थांबावं.

सगळ्यात संथ तुकडी कोणती, हे विसरणं

सैन्य एकत्र निघालं की वेग सगळ्यात संथ तुकडीचा. ट्राव्हियनमध्येही तेच. गॉल जमातीचं थ्युटेट्स थंडर हे घोडदळ ताशी १९ घरं जातं, पण त्याच्यासोबत ताशी ३ घरांची एक कॅटॅपल्ट जोडली की सगळं सैन्य कॅटॅपल्टच्या चालीने चालतं. नवीन खेळाडू ‘असू दे, भिंतही पडेल’ म्हणून दोन-चार रॅम लुटीच्या हल्ल्यात टाकतो आणि दोन तासांचा हल्ला साडेसहा तासांचा करून बसतो.

१७२८ च्या पालखेडच्या मोहिमेत पहिल्या बाजीरावाची हलकी घोडदळं आणि निजामाचा जड तोफखाना यांत जो फरक पडला, तो शाळेत आपण सगळ्यांनीच वाचला आहे. लुटीला जायचं तर फक्त लाईट कॅव्हलरी पाठवा. भिंत पाडायची तर तो वेगळा हल्ला, वेगळ्या गावातून.

हल्ल्याच्या आधी तासभर स्काउट

स्काउटिंगही इनकमिंग म्हणूनच दिसतं. १३ घरांवर स्काउट १ तास ५७ मिनिटांत पोचतो, त्यामुळे त्याचा वेग ओळखणंही सोपं. रोज शांत असलेल्या गावावर अचानक तुमच्याकडून स्काउट आला की अनुभवी खेळाडू त्या रात्री झोपत नाही. स्काउटिंग दोन-तीन दिवस आधी करा, आणि एकाच गावाचं नको, आसपासच्या पाच-सहा गावांचं करा. शेवटची खात्री हवीच असेल तर थोडे स्काउट मुख्य हल्ल्यासोबतच जाऊ द्या. हल्ला जिंकला तर रिपोर्ट मिळेलच.

फेक असे पाठवणं की लहान मूलही ओळखेल

लाल महालावरचा १६६३ च्या एप्रिलमधला छापा पुण्यातच झाला. पाठलाग चुकवायला कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून सोडले, ही गोष्ट इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्या गोष्टीत पलिते दुरून माणसांच्या हातातल्या मशालींसारखेच दिसतात, म्हणून ती पटते. फेकचंही तसंच. खरा हल्ला रॅमच्या वेगाने येतोय आणि फेकमध्ये तुम्ही एक स्पिअरमन (भालेवाला) पाठवलात, तर १८ मिनिटांचा वेग लगेच कळतो. प्रत्येक फेकमध्ये एक तरी रॅम हवा.

याहून बारीक चूक नोबल ट्रेनच्या, म्हणजे पाठोपाठ सोडलेल्या चार नोबलच्या वेळी होते. खऱ्या लक्ष्यावर एका सेकंदात चार हल्ले पोचताना दिसतात आणि बाकी वीस गावांवर एकेकच. मग ती वीस गावं कशाला बघायची? फेकही चार-चारच्या गटात पाठवावे लागतात. कष्ट आहेत, पण त्याला पर्याय नाही.

तुमच्या वर्ल्डच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी आधी बघून घ्या. काही वर्ल्डवर फेक लिमिट असतं, म्हणजे गावाच्या पॉईंटच्या प्रमाणात ठरलेलं किमान सैन्य नसेल तर हल्ला निघतच नाही. आणि जिथे वॉचटॉवर (टेहळणीचा बुरूज) आहे, तिथे त्याच्या कक्षेत शिरलेला हल्ला लहान, मध्यम की मोठा हे समोरच्याला दिसतं. तिथे एका रॅमचा फेक त्या कक्षेच्या बाहेरच उपयोगाचा.

नोबल ट्रेनमध्ये फट

गावाची लॉयल्टी (मालकाशी असलेली निष्ठा) १०० असते आणि एक नोबल ती २० ते ३५ ने खाली आणतो. ती शून्यावर किंवा त्याखाली गेली की गाव तुमचं, म्हणून चार नोबल लागतात, नशीब वाईट असेल तर पाचवाही. हे चारही एका सेकंदाच्या आत पोचले तर मध्ये सपोर्ट घुसवणं फार अवघड. दोन-तीन सेकंदांची फट ठेवलीत, तर चांगला खेळाडू तिथे बरोबर सपोर्ट आणून बसवतो. याला स्नाईप म्हणतात. त्यात तुमचे मागचे नोबल मरतात.

फट पडण्याची कारणं बहुतेक वेळा अगदी घरगुती असतात. चार टॅब उघडलेत, तीन पाठवलेत आणि चौथ्याला लॉगिन मागितलं. मोबाईल डेटावरून पाठवत होतात आणि बस कात्रजच्या बोगद्यात शिरली. पुण्यात देखभालीसाठी वीज बरेचदा गुरुवारी जाते आणि तिच्याबरोबर राऊटरही. ट्रेन पाठवायची असेल तेव्हा लॅपटॉप चार्ज असावा, फोनचा हॉटस्पॉट तयार असावा, आणि गुरुवारी दुपारची वेळ ठरवू नये.

प्रत्येक नोबलसोबत एस्कॉर्ट (संरक्षक सैन्य) द्या. नुसता नोबल पाठवला आणि तिथे दहा स्पिअर जरी उरले असतील, तरी तो गेला. क्लिअरिंगचं, म्हणजे नोबलच्या आधी जाऊन बचाव साफ करणारं सैन्यही काठावर मोजून पाठवू नका. लक, म्हणजे नशिबाने ताकदीत पडणारा फरक, उणे २५ ते अधिक २५ टक्के असतं. सिम्युलेटरमध्ये शून्य लक धरून जेमतेम जिंकणारा हल्ला खऱ्या लढाईत उणे २० ला हरतो.

गाव घेतलं, राखलं नाही

जिंकलेल्या गावात शेवटच्या नोबलसोबतचं सैन्य तेवढं उरतं आणि लॉयल्टी २५ वर असते. म्हणजे समोरच्याचा एक नोबल, फार तर दोन, ते गाव परत नेतात. अनुभवी विरोधक त्याच्या ट्राईबमधल्या (खेळाडूंच्या गटातल्या) मित्राचा नोबल तुमच्या ट्रेननंतर काही सेकंदांनी पोचेल असा आधीच सोडून ठेवतो. यावर इलाज एकच: तुमच्या ट्रेनच्या मागोमाग, शक्यतो त्याच मिनिटाला, तुमचा बचावाचा सपोर्ट पोचला पाहिजे. तो नोबल निघण्याच्या आधीच कॅल्क्युलेटरवर मांडून ठेवावा लागतो.

परतीची वेळ कुणी मोजतच नाही

पहाटे ४ ला पोचलेला रॅमचा हल्ला साडेसहा तासांनी, म्हणजे सकाळी साडेदहाला घरी परततो. ही वेळ जशी तुम्हाला ठाऊक असते, तशी त्यालाही. हल्ला कोणत्या गावातून आला हे त्याला दिसलं होतंच. त्याने साडेदहा वाजून एक सेकंदाला पोचेल असा हल्ला तुमच्या गावावर टाकला, की तुमचं सगळं आक्रमक सैन्य गावात उभं असताना मारलं जातं. आक्रमक सैन्याला बचाव जवळजवळ नसतोच. याला बॅकटाईम म्हणतात, आणि आठवड्यांच्या मेहनतीने उभी केलेली फौज यात एका फटक्यात जाते.

साडेदहाला तुम्ही लेक्चरला किंवा मीटिंगमध्ये असाल, तर ४ ची वेळ तुमच्यासाठी चुकीची आहे, समोरचा कितीही गाढ झोपलेला असो. परतीच्या वेळी स्वतः स्क्रीनसमोर असाल अशी वेळ निवडा, आणि सैन्य आलं की लगेच दुसऱ्या हल्ल्यावर काढा. हल्ला मागे घेण्याची सोय आहे, पण ती ठरलेल्या मुदतीतच. ट्रायबल वॉर्समध्ये साधारण पहिली १० मिनिटं, ट्राव्हियनमध्ये ९० सेकंद. ओगेममध्ये ताफ्याचा वेग १० ते १०० टक्क्यांपर्यंत निवडता येतो, म्हणून तिथे परतीची वेळ आपल्या सोयीला बसवणं सोपं जातं. तरी लोक सवयीने १०० टक्केच ठेवतात.

सर्व्हरची वेळ आणि नाईट बोनस

युरोपातल्या सर्व्हरवर खेळत असाल तर मध्य युरोप आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास मागे असतो, उन्हाळ्यात साडेतीन. घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. त्या आठवड्यात डोक्यात हिशोब करू नका, गेममधला काउंटडाऊन बघा. काही वर्ल्डवर रात्रीच्या ठरावीक तासांत नाईट बोनस असतो आणि बचावाची ताकद दुप्पट होते. ते तास सर्व्हरच्या रात्रीचे असतात, म्हणजे आपल्याकडे पहाट उलटून सकाळ होईपर्यंत चालू शकतात.

फ्लॅटमेट आणि एकच वायफाय

कर्वेनगरच्या एका फ्लॅटमध्ये चौघे मित्र एकाच ट्राईबमध्ये, हे चित्र नेहमीचं. मिळून हल्ला करायला सोयीचंही. पण एकाच कनेक्शनवरून खेळणाऱ्यांना तशी नोंद करावी लागते आणि त्यांच्या आपापसातल्या हालचालींवर बंधनं येतात. मित्राचा पासवर्ड घेऊन त्याचे नोबल सोडणं हा सरळ बॅनचा रस्ता आहे. सिटरची, म्हणजे नियमात राहून दुसऱ्याचं खातं सांभाळण्याची सोय असते, तीच वापरा आणि तिचे नियम एकदा नीट वाचा.

मोबाईलवरच्या खेळांत काय बदलतं

टेलिपोर्ट असलेल्या खेळांत शेजारी जाऊन उतरलं की मार्च काही सेकंदांचा होतो. चूक तिथे क्रमाची असते: लोक आधी उतरतात आणि मग सैन्य लावत बसतात. तोवर समोरच्याने शील्ड (हल्ला रोखणारं कवच) टाकलेली असते. सैन्य, कमांडर, बूस्ट सगळं आधी तयार ठेवा. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये हल्ला चालू असताना समोरच्याला मध्ये पडता येत नाही, त्याने सगळं आधीच मांडलेलं असतं, त्यामुळे तिथे अचानकपणा बचाव करणाऱ्याच्या हातात असतो. लपलेला टेस्ला, स्प्रिंग ट्रॅप, जायंट बॉम्ब अशा न दिसणाऱ्या गोष्टी. तिथे चार-दोन सैनिक सोडून कोपरे तपासणं हाच उपाय.

हल्ला फसलाच, तर रिपोर्ट असा वाचा

ट्रायबल वॉर्समध्ये तुमचं सगळंच सैन्य मेलं तर रिपोर्टमध्ये समोरचं सैन्य दिसत नाही; सोबतचे स्काउट वाचले तर दिसतं. दिसत असेल तर आधी बघा, बचावाचं सैन्य एका गावात मावणारं होतं की नाही. मावणारं असेल तर त्याला काहीही कळलेलं नव्हतं, तुमचं स्काउटिंग शिळं होतं. मावणारं नसेल तर बाहेरून सपोर्ट आला होता. मग त्याच रात्री तुमच्या इतर लक्ष्यांवर काय झालं ते बघा. सगळीकडे थोडा-थोडा सपोर्ट असेल तर फेकनी काम केलं, सैन्य कमी पडलं किंवा लक वाईट होतं. फक्त खऱ्या लक्ष्यावरच सपोर्ट असेल तर तुमचे फेक ओळखले गेले, आणि बहुधा पहिल्या तासाभरातच. सपोर्टमध्ये हेवी कॅव्हलरीच जास्त असेल तर तो घाईने आलेला आहे, कारण तिला घराला ११ मिनिटं लागतात आणि स्वोर्डला (तलवारवाल्या पायदळाला) २२. त्याला उशिरा कळलं होतं. तुमची वेळ बरोबर होती, पुढच्या वेळी तीच ठेवा आणि शेजारच्या ज्या गावांतून ती कॅव्हलरी आली असेल, त्यांच्यावरही त्याच मिनिटाला इनकमिंग दिसेल अशी सोय करा.