अकाबा शोधायला अकाबाला जाऊ नका

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला फोटो पाठवतं. मागे तांबडा कडा, पुढे वाळू, मधे स्वतः गॉगल लावून उभे आणि खाली ओळ : ‘काका, जागा सापडली!’ बहुतेक वेळा ती सापडलेली नसते. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) वाळवंटात नक्की कुठे कुठे चित्रित झाला हे शोधायचा नाद मला वीसेक वर्षं आहे, आणि तेवढी वर्षं मी लोकांना त्याच त्या खड्ड्यात पडताना बघतोय. त्यातल्या दोन खड्ड्यांत मी स्वतः सपशेल पडलोय, म्हणून त्यांच्याबद्दलच जास्त बोलणार.

कथेतलं गाव म्हणजे शूटिंगचं गाव नव्हे

पहिल्यांदा जॉर्डनला गेलो तेव्हा हातात चार दिवस होते. त्यातला दीड दिवस मी तिथल्या अकाबा या बंदरात घालवला. चित्रपटात अरब घोडेस्वार आणि उंटस्वार कोरड्या ओढ्यातून अकाबावर तुटून पडतात, कॅमेरा त्यांच्यासोबत वळत वळत समुद्राकडे तोंड केलेल्या तोफेपाशी येऊन थांबतो. ती चौकट मला हवी होती. पडद्यावरून छापून घेतलेली बारा चित्रं घेऊन मी जुन्या किल्ल्यामागून चढलो, उतरलो, टॅक्सीवाल्याला दोनदा शहराबाहेर पिटाळलं. संध्याकाळी थकून किनाऱ्यावर बसलो, तर समोर पाण्यापलीकडे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी दिवे लागत होते. हातातल्या चित्रात तोफेसमोर पाणी होतं आणि पाण्यापलीकडे नुसतं आभाळ. अकाबाचं आखात वरच्या टोकाला इतकं अरुंद आहे की पलीकडचा किनारा दिसल्याशिवाय राहत नाही. सकाळपासून पुरावा माझ्याच हातात होता!

चित्रपटातलं अकाबा स्पेनमध्ये आहे. १९६१ साली खरं अकाबा बरंच आधुनिक झालं होतं, १९१७ चं, म्हणजे कथेच्या काळातलं, म्हणून ते खपलं नसतं. म्हणून आल्मेरिया प्रांतात, कार्बोनेरासजवळच्या अल्गारोबिको किनाऱ्यावर, एका कोरड्या नदीच्या मुखाशी तीनशेच्या आसपास घरांचे नुसते दर्शनी भाग उभारून गाव वसवलं गेलं. चित्रीकरण मे १९६१ मध्ये जॉर्डनमध्ये सुरू झालं खरं, पण खर्च आणि आजारपणं वाढल्यावर सगळा लवाजमा स्पेनला हलला आणि पुढे काही भाग मोरोक्कोत झाला. कैरोतलं ब्रिटिश मुख्यालय म्हणून जे दिसतं ते सेव्हिलचं प्लाझा दे एस्पान्या. तफस गावातली कत्तल मोरोक्कोत वारझाझातच्या बाजूला. रेल्वेवरचा हल्ला आल्मेरियातल्याच काबो दे गाताच्या वाळूत. हे माहीत नसताना जॉर्डनचं तिकीट काढणं म्हणजे पंढरपूरच्या गाडीत बसून तुळजापूरची वाट बघणं.

माझी सवय सांगतो. वहीत प्रत्येक दृश्यासाठी तीन रकाने आखतो : कथेत कुठे, शूटिंग कुठे, आज तिथे काय. तिसरा रकाना लोक सोडतात आणि मग रडतात. अल्गारोबिकोच्या किनाऱ्यावर आज चारशेहून जास्त खोल्यांचं, बेकायदा ठरलेलं, अर्धवट सोडलेलं एक अजस्र हॉटेल उभं आहे. ते चौकटीत येणारच, त्याच्यावर चिडू नका. दुसरं उदाहरण जबल तुबैक या डोंगराळ भागाचं. पहिले काही आठवडे तिथेच चित्रीकरण झालं आणि सगळीकडे ‘जॉर्डन’ असंच लिहिलेलं असतं. पण १९६५ साली जॉर्डन आणि सौदी अरेबियाने जमिनीची अदलाबदल करून सीमा बदलली. आज तुबैकचं मोठं संरक्षित क्षेत्र सौदीच्या बाजूला आहे. जॉर्डनचा व्हिसा खिशात घेऊन तिकडे गाडी हाकलू नका.

खडकाच्या प्रेमात पडू नका, डोंगररेषा जुळवा

दुसरी चूक वादी रम या जॉर्डनमधल्या वाळवंटी दरीतली. चित्रात पुढे एक मोठा, चिरलेला खडक होता. नवशिक्याला खडकच दिसतो. मी आणि जीपचा बदवी चालक तीन तास तसला खडक शोधत फिरलो. तसले खडक तिथे शेकड्यांनी आहेत. प्रत्येकाजवळ मी उतरायचो, चित्र धरायचो, मान हलवायचो. शेवटी तो वैतागला, माझ्या हातातून कागद घेतला, खडकावर अंगठा ठेवून तो झाकला आणि म्हणाला, आता डोंगर बघ. वीस मिनिटांत आम्ही योग्य दरीत होतो. खडक सापडला नाही तो नाहीच.

वाळू सरकते, झुडपं जातात, खडकसुद्धा सेटचे असू शकतात. आभाळाला लागलेली डोंगराची कड मात्र साठ वर्षांत बदलत नाही. पण नुसता आकार ओळखीचा वाटला म्हणून भागत नाही. जवळच्या कड्याचं टोक मागच्या डोंगराच्या नेमक्या कुठल्या खाचेवर येतं ते बघा. तुम्ही पन्नास पावलं डावीकडे सरकलात तरी ते टोक खाचेवरून घसरतं. दोन-तीन टोकं एकाच वेळी आपापल्या खाचेत बसली की तुम्ही कॅमेऱ्याच्या जागेवर उभे आहात. झूम केल्याने हा मेळ बदलत नाही, फक्त चालल्याने बदलतो. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी वणवण वाचते.

माझं हत्यार ओव्हरहेड प्रोजेक्टरची पारदर्शक शीट. घरी चित्रावर ती ठेवून काळ्या मार्करने फक्त डोंगररेषा काढायची, जागेवर डोळ्यासमोर धरायची. हात पुढे-मागे केला की माप जुळतं. ‘काका, यासाठी ॲप आहे’ असं सांगणारे भेटतात. असेल. माझ्या शीटची बॅटरी संपत नाही. फोटो टाकून यंत्राला जागा विचारणाऱ्यांचा निम्मा वेळ यंत्राने ठामपणे दिलेली चुकीची उत्तरं खोडण्यातच जातो.

लेन्सचंही भान हवं. ओमर शरीफ मृगजळातून विहिरीकडे उंटावर येतो तो प्रसिद्ध शॉट जॉर्डनमधल्या अल-जफ्रच्या सपाट चिखलमैदानावर ४८२ मिलिमीटरच्या लेन्समधून घेतला आहे. इतक्या लांब लेन्समध्ये दूरचं सगळं जवळ ओढल्यासारखं दिसतं. डोळ्याला जे ‘तिथे समोर’ वाटतं ते प्रत्यक्षात फार लांब असतं. शिवाय त्या मैदानात जुळवायला डोंगररेषाच नाही. ‘विहीर बरोब्बर इथेच होती’ असं कुणी छातीठोकपणे म्हणालं, तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला. (आपले आय. एस. जोहर या चित्रपटात गासिम झाले होते. ‘ते उंटावरून पडले ती जागा दाखवा’ म्हणणारे पुणेकरही मला भेटलेत. त्यांनाही चहाच.)

सूर्य आपल्याकडचा नव्हे

आपल्याकडे मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस असतो, मग काही आठवडे दुपारची सावली दक्षिणेला पडते. जॉर्डन आणि स्पेन कर्कवृत्ताच्या बरेच वर आहेत. तिथे भर दुपारची सावली वर्षभर उत्तरेकडेच. म्हणजे दुपारच्या शॉटमध्ये माणसाची सावली कॅमेऱ्याकडे येत असेल तर कॅमेरा दक्षिणेकडे बघतोय. एवढ्यावर निम्मा नकाशा खोडता येतो. सकाळ-संध्याकाळच्या शॉटला मात्र हा नियम लावू नका, उन्हाळ्यात तिथे सूर्य ईशान्येला उगवतो. रात्रीच्या दृश्यात वाळूवर ठसठशीत सावल्या दिसल्या तर ती बहुधा दिवसाच चित्रित केलेली रात्र आहे, तिलाही हेच गणित लावा.

उरलेल्या चुका, थोडक्यात

मोबाइलवरची कापलेली प्रत वापरू नका, ज्या कडेवर खूण असते तीच कापलेली असते.

पोस्टर आणि जाहिरातीचे फोटो उलटे छापलेले असू शकतात. जुळता जुळत नसेल तर शीट पालटून बघा.

‘इथेच शूटिंग झालं ना?’ असं विचारलंत की ‘हो’ हेच उत्तर मिळतं. नुसता फोटो पुढे करा आणि गप्प बसा. वादी रममध्ये इतके चित्रपट झालेत की तुम्हाला मंगळावरच्या एखाद्या चित्रपटाची जागाही दाखवतील.

वादी रममधल्या डोंगराच्या ‘सेव्हन पिलर्स’ (लॉरेन्सच्या पुस्तकावरून पडलेल्या) या नावाला भुलू नका. तो डोंगर मूळचा जबल अल-मझमार, हे नाव त्याला नंतर चिकटलं.

रम, रुम, तुबैक, तुबायक... रोमन स्पेलिंगचा भरवसा नाही, अरबी लिपीत शोधा.

आणि स्पेनमधलं तबर्नास. तिथल्या रांब्लात, म्हणजे कोरड्या ओढ्यात, या चित्रपटासाठी लावलेली खजुराची झाडं अजून आहेत, म्हणून सगळे तिथे घाईने उतरतात. आभाळ भरून आलं असेल तर उतरू नका. वरच्या बाजूला पाऊस पडला की रांब्लात लोंढा येतो आणि तुमच्या डोक्यावर तेव्हा थेंबही पडलेला नसतो. खजुरांचा फोटो राहू द्या, आधी काठावर या.