अमेरिकेत नवीन आहात आणि सेकंडहँड लक्झरी गाडी घेताय? आधी स्पार्क प्लगचं बिल बघा

इथे येऊन वर्ष-दीड वर्ष झालं, क्रेडिट स्कोअर जरा उभा राहिला, की आपल्या मंडळींचं लक्ष चार-पाच वर्षं जुन्या बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडीकडे वळतं. मोह पडणं साहजिक आहे. नवी असताना ६०,००० डॉलरची असलेली गाडी तोवर नव्या कॅमरीच्या भावात आलेली असते, आत लेदर, वर सनरूफ. घेऊ नका असं मी म्हणणार नाही, मी स्वतः अशीच गाडी चालवते. पण एक गोष्ट सही करायच्या आधी डोक्यात पक्की बसवा. उतरली आहे ती फक्त गाडीची किंमत. तिचे पार्ट्स आणि तिच्या कामाची मजुरी आजही ६०,००० च्या गाडीचीच आहे.

आणि ती नेमकी याच वयात बाजारात का येते? बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी यांची नव्या गाडीची वॉरंटी ४ वर्षं किंवा ५०,००० मैल, जे आधी होईल ते. लेक्ससची मूळ वॉरंटीही तेवढीच, फक्त इंजिन आणि गिअरबॉक्सला ६ वर्षं किंवा ७०,००० मैल. म्हणजे पहिल्या मालकाने फुकटातले दिवस उपभोगून गाडी सोडलेली असते आणि पहिलं मोठं बिल तुमच्या नावावर फुटतं. नव्या गाडीसोबत मिळणारी फुकट सर्व्हिस दुसऱ्या मालकाला मिळेलच असं नाही, हे विकणारा आपणहून सांगत नाही. विचारा, लिहून घ्या. लीजवर नवी गाडी घेणाऱ्यांनी पुढचं बरंचसं वाचलं नाही तरी चालेल.

आता स्पार्क प्लग, म्हणजे इंजिनच्या सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा तो छोटा भाग. डीलरचा हिशोब कसा चालतो ते या एका छोट्या वस्तूवरून सगळं कळतं, म्हणून मी तिच्यावरच अडून बसणार आहे.

चांगला इरिडियमचा प्लग साधारण १५ ते २५ डॉलरला येतो. सहा सिलिंडरचं इंजिन असेल तर सहा प्लग. मग डीलरचं बिल ४००, ६००, कधी त्याहूनही वर कसं जातं? मजुरीमुळे. शहरांतल्या डीलरकडे तासाचा दर २०० डॉलरच्या आसपास किंवा वरच असतो, आणि हा तास घड्याळातला नसतो. प्रत्येक कामाला किती तास लावायचे हे एका पुस्तकात ठरलेलं असतं. पुस्तकात अडीच तास असतील तर मेकॅनिकने दीड तासात उरकलं तरी बिल अडीचचंच. यात लबाडी नाही, इथली पद्धतच ती आहे. फक्त ती माहीत असली की ‘या कामाला बुक टाइम किती धरलाय?’ असं तुम्ही शांतपणे विचारू शकता. काउंटरपलीकडचा माणूस लगेच जरा सरळ बसतो.

हे पुस्तकातले तास इंजिनच्या रचनेवर ठरतात. बीएमडब्ल्यूच्या एका रांगेतल्या सहा सिलिंडरच्या इंजिनात प्लग वरच, ओळीने. कव्हर काढायचं, मागच्या बाजूचं थोडं खोलायचं, झालं. २०२२ पर्यंतच्या लेक्सस आरएक्स ३५० मध्ये व्ही-सिक्स इंजिन (तीन-तीन सिलिंडरच्या दोन रांगा) आडवं बसवलेलं असतं. पुढचे तीन प्लग हाताशी, मागचे तीन इंजिन आणि केबिनच्या भिंतीच्या सांदीत. तिथे पोचायला इनटेक मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा, वरचा भाग उतरवावा लागतो आणि परत बसवताना गॅस्केट नवं घालणं बरं. २००० च्या आसपासच्या मर्सिडीजच्या व्ही-सिक्स, व्ही-एट इंजिनांत एका सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे बारा आणि सोळा. त्यामुळे व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘मला ३०० लागले, तुला ७०० लावले म्हणजे गंडवलं’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, की आधी विचारा, तुझं इंजिन कोणतं? आपल्या लोकांत डीलर चोर म्हणणारे आणि डीलरशिवाय कुणाला गाडीला हात लावू न देणारे असे दोन पंथ आहेत, आणि दोन्हीकडचे मॅन्युअल उघडत नाहीत.

मॅन्युअल म्हणजे मेंटेनन्स शेड्यूल. कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं. त्यात प्लगचा आकडा शोधा. लेक्ससच्या अनेक इंजिनांना तो १,२०,००० मैल आहे, बीएमडब्ल्यूच्या टर्बो इंजिनांना साधारण ६०,०००. टर्बोमध्ये सिलिंडरमधला दाब जास्त, प्लगवर ताण जास्त, म्हणून लवकर. पोर्शेसारखी कंपनी मैलांबरोबर वर्षांचीही मर्यादा घालते, म्हणजे गाडी गॅरेजमध्ये नुसती झाकून ठेवली तरी प्लगचा दिवस येतोच. हे मैल आहेत, किलोमीटर नाहीत. ‘दर १०,००० ला सर्व्हिस’ हे डोक्यात किलोमीटरमध्ये भरून आलेले लोक इथे विनाकारण वारंवार डीलरकडे जातात. मर्सिडीजवाल्यांनी एक लक्षात ठेवावं, ‘सर्व्हिस ए’ आणि ‘सर्व्हिस बी’ आलटून पालटून येतात, पण प्लग त्यांत धरलेले नसतात. ते वेगळं काम, वेगळं बिल.

मग काउंटरवर काय होतं? समोर बसतो तो सर्व्हिस ॲडव्हायझर. तो मेकॅनिक नसतो, आणि बऱ्याच ठिकाणी त्याची कमाई विक्रीवर अवलंबून असते. तो हिरव्या-पिवळ्या-लाल खुणांचा एक कागद पुढे सरकवतो. त्यात इंजेक्टर क्लीनिंग, इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी सर्व्हिस आणि ३५,००० मैलांवरच प्लग असं काहीबाही असतं. एकच प्रश्न विचारा: ‘हे कंपनीच्या शेड्यूलमध्ये आहे की तुमची शिफारस?’ शिफारस असेल तर ‘आज नको’ म्हणा. इथे नाही म्हटलं म्हणून कुणी तोंड वाकडं करत नाही, पुढच्या वेळी त्याच हसतमुखाने तोच कागद पुढे करतील. आपल्याला नकार द्यायला जड जातं आणि ते त्यांनाही ठाऊक असतं. (बायकांसाठी: तो तुमच्या नवऱ्याकडे बघून बोलायला लागला, तर गाडी माझी आहे एवढं एकदा सांगून टाका. मग नीट बोलतो.)

‘बाहेर काम केलं तर वॉरंटी जाईल’ हे वाक्य अजूनही ऐकू येतं. १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी ॲक्ट नावाचा केंद्रीय कायदा आहे. त्याप्रमाणे वॉरंटी टिकवायची तर आमच्याकडेच सर्व्हिस करा किंवा आमचेच विकतचे पार्ट्स वापरा, अशी अट कंपनी सहसा घालू शकत नाही. मात्र शेड्यूलप्रमाणे काम झाल्याचा पुरावा तुमच्याकडे हवा. तारीख, मैल, पार्ट नंबर असलेली प्रत्येक पावती जपा.

त्या एका ब्रँडवर काम करणारं स्वतंत्र गॅरेज शोधा. मजुरी बरीच कमी पडते आणि गाडीला हात लावणाऱ्याशीच थेट बोलता येतं. मेकॅनिकची परीक्षा घेणाऱ्या एएसई संस्थेचं प्रमाणपत्र बघा, लेखी एस्टिमेट घ्या. कॅलिफोर्नियात तर काम सुरू करण्याआधी लेखी एस्टिमेट देणं गॅरेजवर बंधनकारक आहे आणि जुने पार्ट्स आधीच मागितले तर ते परत द्यावे लागतात. जुने प्लग कुठेही असलात तरी मागाच. टोकाशी फिकट करडा-तपकिरी रंग असेल तर इंजिन ठीक आहे. तेलकट काळे असतील तर तेल कुठून येतंय ते पुढच्या बिलाआधी शोधायला हवं. डीलरकडे जा ते रिकॉलसाठी (कंपनीने दोष दुरुस्त करायला गाडी परत बोलावली तर), चावीसाठी, सॉफ्टवेअरसाठी. एनएचटीएसए या रस्ता सुरक्षेच्या सरकारी खात्याच्या साइटवर गाडीचा व्हीआयएन (तिचा १७ अक्षरी ओळख क्रमांक) टाकला की बाकी असलेले रिकॉल दिसतात, आणि रिकॉलचं काम फुकट असतं.

घरी करणाऱ्यांसाठी थोडक्यात. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय प्लगला हात लावू नका, प्लग ज्यात बसतात ते इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, त्यातले आटे गेले तर वाचवलेले पैसे कितीतरी पटींनी जातील. प्लग आधी हातानेच फिरवत बसवा आणि शेवटी टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) तुमच्या इंजिनसाठी दिलेल्या आकड्याइतकाच आवळा. आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं वंगण) लावू नका, प्लग बनवणारी एनजीके कंपनी स्वतःच आपल्या प्लगना ते नको म्हणते, कारण त्याने प्लग नकळत जास्त आवळला जातो. बीएमडब्ल्यूच्या अनेक इंजिनांना बारा कोनांचं, पातळ भिंतीचं १४ मिलिमीटरचं सॉकेट लागतं, ते आधी आणून ठेवा. आणि ऑनलाइन फार स्वस्त मिळणाऱ्या प्लगांत नकली बरेच असतात.

आता ज्यासाठी खरं म्हणजे हे सगळं लिहायला बसले ते.

चेक इंजिनचा दिवा नुसता लागला तर काही दिवसांत दाखवलं तरी चालतं. तो लुकलुकायला लागला तर गाडी बाजूला घ्या आणि थांबवा. नंतर नाही, ऑफिसला पोचल्यावर नाही, लगेच. लुकलुकणं म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नाहीये आणि न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागात, जळतंय. कन्व्हर्टर आतून वितळतो. आमच्या ओळखीतला एक मुलगा, येऊन वर्षही झालं नव्हतं, सिग्नलला गाडी थरथरते, दिवा उघडमीट करतो, तरी आठवडाभर हायवेने ऑफिसला जात राहिला. कारण शनिवारपर्यंत रजा मागायची नव्हती. बिघाड एका जुन्या प्लगचा आणि त्यामुळे गेलेल्या एका कॉइलचा (प्लगला वीज देणारा भाग), दोन्ही मिळून १०० डॉलरच्या आतबाहेर. कन्व्हर्टरचं बिल हजारांत आलं. कन्व्हर्टरला ८ वर्षं किंवा ८०,००० मैलांची केंद्रीय एमिशन (धुरातल्या प्रदूषणाची) वॉरंटी असते, पण मालकाच्या दुर्लक्षाने तो गेला असं ठरलं तर ती नाकारता येते, आणि त्याची गाडी ८०,००० च्या पुढेच गेलेली होती. असं करणारा तो पहिला नव्हता म्हणून पुन्हा सांगते: लुकलुकला, की थांबा. टो ट्रक मागवा. रजा मिळते.

२०-३० डॉलरचा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा. १९९६ पासूनच्या प्रत्येक पेट्रोल गाडीला तो जोडता येतो. पी०३०० म्हणजे अनेक सिलिंडरांत मिसफायर (नीट न पेटणं), पी०३०३ म्हणजे तिसऱ्यात. तिसऱ्याची कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर लावून बघितली आणि कोडही तिकडे गेला, तर कॉइलच गेली. ‘सहाही कॉइल बदला’ असं कुणी म्हणेल त्याआधी एवढं करून घ्या.

पेट्रोलबद्दल एक ओळ: इथल्या पंपावरचा ९१ ऑक्टेन आणि भारतातला ९१ एक नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे, इथला ९१ म्हणजे तिकडचा साधारण ९५-९६. टाकीच्या झाकणावर प्रीमियम ‘रिक्वायर्ड’ लिहिलं असेल तर साधं ८७ भरून पैसे वाचवू नका.

आणि एमिशन टेस्ट असलेल्या राज्यात राहत असाल तर टेस्टच्या आदल्या दिवशी स्कॅनरने कोड पुसू नका. दिवा जातो, पण गाडीच्या आतल्या तपासण्या ‘नॉट रेडी’ दाखवतात आणि टेस्टवाला परत पाठवतो. आधी दुरुस्ती करा, मग काही दिवस शहरात आणि हायवेवर नेहमीसारखी चालवा, स्कॅनरवर ‘रेडी’ आलं की मगच जा.