नाकात गाठ निघाली? मग या चुका टाळा

नाकाची एकच बाजू महिनोनमहिने बंद, त्याच बाजूने मधेच रक्त, गाल जड वाटतोय, आणि घरात सगळे म्हणतात धुळीची अ‍ॅलर्जी आहे, वाफ घे. पहिली चूक इथेच होते. अ‍ॅलर्जीची सर्दी सहसा दोन्ही बाजूंना असते, आज ही नाकपुडी तर उद्या ती. कायम एकाच बाजूला त्रास असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने नाक बघून घ्या. मेडिकलमधून आणलेले नाक मोकळं करायचे थेंब आठवड्याच्या वर मारत बसू नका, त्यांच्यामुळेच नाक चोंदायला लागतं आणि खरं कारण मागे पडतं.

आता मुद्द्याचं. नाकात आणि सायनसमध्ये क्वचित अशी वाढ होते जी दिसायला कॅन्सरसारखी पण तपासल्यावर निघते सूज, म्हणजे लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा या सुजेत जमणाऱ्या पेशी आणि घट्ट तंतू. डॉक्टर तिला इन्फ्लमेटरी स्यूडोट्यूमर म्हणतात. या एका नावाखाली बरंच काही येतं, काहींमध्ये आयजीजी४ चा आजार (शरीराच्या प्रतिकारशक्तीतल्याच बिघाडाने सूज आणि गाठी होतात तो) निघतो, तर पूर्वी यातच धरला जाणारा मायोफायब्रोब्लास्टिक ट्यूमर आता खरा ट्यूमर म्हणून वेगळा काढलाय. सीटीत हाड झिजलेलं दिसतं, कधी वाढ डोळ्याच्या खोबणीपर्यंत गेलेली असते आणि रिपोर्टमध्ये कॅन्सरची शंका छापून येते, मग घरातले तिथेच खचतात. असं करू नका हो. सीटी-एमआरआय वाढ कुठवर पसरलीय ते दाखवतात, ती नेमकी कसली ते तिचा छोटा तुकडा काढून तपासल्यावरच, म्हणजे बायोप्सीनेच कळतं. पण स्कॅन आधी आणि तुकडा नंतर, हा क्रम पाळायचाच, खास करून वयात आलेल्या मुलाच्या नाकातून सारखं रक्त येत असेल तर, कारण त्या वयात रक्तवाहिन्यांनी भरलेली अँजिओफायब्रोमाची गाठ असू शकते आणि तिला ओपीडीत चिमटा लावला तर रक्त थांबता थांबत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बायोप्सीच्या आधीच स्टेरॉइड सुरू करणं. गोळ्यांनी सूज उतरते, पेशंट खूश होतो, पण लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट पेशींचा कॅन्सर असेल तर तोही तात्पुरता दबतो आणि नंतर घेतलेल्या तुकड्यात काहीच धड सापडत नाही. आणि बुरशी असेल तर ती स्टेरॉइडवर फोफावते, 2021 मध्ये कोविडनंतर म्युकर बुरशीने महाराष्ट्रात काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

दुसरी गोष्ट कुणी फारसं सांगत नाही. तुकडा काढला की तो सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनच्या, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रवाच्या डबीत टाकला जातो. पॅथॉलॉजीला तेच लागतं, पण फॉर्मॅलिनमध्ये जंतू आणि बुरशी मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, करणार कशाचं? म्हणून थोडा भाग साध्या सलाइनमध्ये वेगळ्या डबीत ठेवून बुरशी आणि टीबीच्या तपासणीला लगेच पाठवायला हवा. ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा, ते रागावणार नाहीत. आणि साधा पॉलिप (नाकातली मऊ, कॅन्सर नसलेली वाढ) म्हणून काढलेला असला तरी तो तपासणीला गेलाच पाहिजे.

रिपोर्टमध्ये नुसतं क्रॉनिक इन्फ्लमेशन लिहून आलं आणि स्कॅनमध्ये हाड झिजलेलं दिसतंय, तर फाइल बंद करू नका. वरवरचा तुकडा घेतला की आसपासची सुजच हाती लागते, त्यामुळे कधीकधी खोलवरून पुन्हा घ्यावा लागतो. पुढे एएलके (मायोफायब्रोब्लास्टिक ट्यूमर ओळखायला), आयजीजी४ अशा खास तपासण्या तुकडा मेणात बसवून केलेल्या ब्लॉकवरच होतात, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना नुसता कागद नेऊ नका, लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. वेगेनर म्हणून ओळखला जायचा तो रक्तवाहिन्यांचा आजारही असाच दिसतो, त्यासाठी रक्तातली एएनसीए तपासणी करतात.

उपचार निदानावर ठरतात, शेजारच्याला ज्या गोळ्या लागू पडल्या त्यावर नाही. आयजीजी४ चा आजार बहुतेक वेळा स्टेरॉइडला छान दाद देतो, मायोफायब्रोब्लास्टिक ट्यूमर शक्यतो ऑपरेशन करून पूर्ण काढतात. स्टेरॉइड बरेच दिवस घेतल्यावर बरं वाटतंय म्हणून स्वतःच बंद करू नका, डोस हळूहळू उतरवावा लागतो, आणि शुगर असेल तर ती सारखी तपासत राहा. पुन्हा वाढ होऊ शकते, त्यामुळे दुर्बिणीची तपासणी चुकवू नका. एक दिसायच्या जागी दोन दिसणं, डोळा बाहेर येणं, गाल बधिर होणं, नाकात काळी खपली, यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.