घरी ब्रेक डिस्क आणि पॅड बदलताय? गोव्याच्या हवेत या चुका टाळा

डिचोलीत आमच्या अंगणात मी पहिल्यांदा पुढच्या चाकांच्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकड्या) आणि पॅड (ब्रेक दाबला की डिस्कला आतून-बाहेरून चिमटतात ते) बदलले, तेव्हा दोन तासांत काम उरकलं म्हणून फार खूश होतो. तीनेक हजार किलोमीटर झाले आणि मांडवीच्या पुलावरून उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. डिस्क वाकडी निघाली, असं मी ठरवूनच टाकलं. ती काढून म्हापशाच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने डिस्क उलटी केली आणि मधल्या तोंडावर बोट ठेवलं. तिथे नखाएवढा तांबडा ठसा उमटला होता. "हबचा गंज काढलेला का?" एवढंच विचारलं त्यांनी. हब म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो मधला भाग. त्याचा गंज मी काढलाच नव्हता.

जुनं काढून नवं बसवायला अर्धा तास पुरतो. उरलेला सगळा वेळ घासण्यात जातो आणि जायलाच हवा. इथे चार महिने पाऊस, किनाऱ्याला खारा वारा, आमच्या बाजूला खाणीची तांबडी धूळ. कोरड्या गावातली पाच वर्षांची गाडी आणि मोरजीला घराबाहेर उभी असलेली पाच वर्षांची गाडी यांची चाकं काढून शेजारी ठेवली, तर एकाच कंपनीच्या आहेत हे पटणार नाही. इंटरनेटवरचे व्हिडिओ बहुतेक त्या पहिल्या गाडीचे असतात.

चिऱ्यावर गाडी टेकवू नका

आपल्याकडे प्रत्येक अंगणात जांभ्याचे चार चिरे पडलेले असतातच. मी जॅक लावत होतो तर शेजारचे काका गडग्यावरून म्हणाले, "अरे, दोन चिरे सरकव खाली, स्टँड कशाला विकत आणतोस?" मी म्हटलं, "काका, घर उभं राहतं चिऱ्यावर, गाडी नाही." भिंतीत चिऱ्यावर वजन सगळीकडून सारखं येतं. गाडीच्या खाली ते एका अरुंद पट्टीवर येतं आणि भोकं-भोकं असलेला जांभा आधी कोपऱ्यातून चुरतो, मग एकदम फुटतो. काँक्रीटच्या पोकळ ब्लॉकचंही तेच. जॅक स्टँडची जोडी घ्या. अंगण मातीचं असेल तर स्टँडखाली जाड फळी घाला, पावसाळ्यात तर घालाच. आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करून घ्यायचे. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना लागतो, म्हणून पुढचं काम करताना तो ओढून मागच्या चाकांना ओट (चाक सरकू नये म्हणून ठोकळा) लावली की झालं. मागचं काम असेल तर हँडब्रेक सोडावा लागतो. तेव्हा गाडी गिअरमध्ये ठेवून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावायची.

डिस्क खरंच बदलायची आहे का?

पॅड झिजले म्हणून डिस्कही फेकायची गरज नसते, पण नुसती बघून डिस्क ठीक आहे असं म्हणणंही चूक. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला किंवा ओतलेला असतो. तो बहुतेक वेळा नव्या जाडीपेक्षा दोनेक मिलिमीटरने कमी असतो. व्हर्नियरने (जबड्यात धरून जाडी मोजायच्या पट्टीने) मोजताना लोक फसतात ते कडेच्या उंबऱ्यामुळे. पॅड जिथे पोहोचत नाही तिथे न झिजलेली आणि वर गंज चढलेली कड उरते, व्हर्नियरचे जबडे त्या कडेवर टेकतात आणि झिजलेली डिस्क जाड दिसते. डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक रुपयाचं नाणं धरा, नाण्यांसकट मोजा आणि दोन नाण्यांची जाडी वजा करा. मायक्रोमीटर नसला तरी यावर भागतं.

पॅडचा मसाला, म्हणजे डिस्कला घासणारा थर, तीन मिलिमीटरवर आला की बदला. बघताना आतला पॅड बघा. चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा. आमच्याकडे आतला आधी संपतो, का ते पुढे येईलच. आणि पॅड असो वा डिस्क, एकाच बाजूचं बदलू नका. दोन्ही चाकांची जोडीच बदलायची.

सगळ्यात महागात पडते ती हबची चूक

जुनी डिस्क हबला गंजून चिकटलेली असते. ह्युंदाईच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत ती धरायला दोन चपटे स्क्रू असतात. साध्या स्क्रूड्रायव्हरने झटापट केली की त्यांचं डोकं फिरतं आणि मग ड्रिल करण्याशिवाय इलाज राहत नाही. हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आधीच आणून ठेवा. मारुतीच्या अनेक डिस्कांवर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यात आठ एमएमचे दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेलं की डिस्क आपोआप पुढे सरकते. डिस्क फेकायचीच असेल तर गंजाचं औषध मारून, थोडं थांबून, फिरवत फिरवत हातोडी मारली तरी चालतं. तीच परत लावायची असेल तर हातोडी नको.

डिस्क निघाल्यावर हबचं तोंड बघा. खवल्यांसारखा गंज असतो, चाकाच्या बोल्टांच्या बुडाशी जास्तच. डिस्कला बसल्यावर किती डगमग चालते? साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर. वहीचं एक पान जवळपास ०.१ मिलिमीटर जाड असतं. म्हणजे गंजाचा एक खवला डिस्कखाली राहिला तर हिशेब तिथेच संपला. शिवाय हब लहान आणि डिस्क मोठी, त्यामुळे मधली चूक कडेला वाढून येते.

माझी गाडी लगेच थरथरली नाही, याचं कारणही यातच आहे. तिरकी बसलेली डिस्क ब्रेक न दाबताही दर फेऱ्याला एकाच जागी पॅडला घासत राहते. ताशी साठच्या वेगाला छोट्या गाडीचं चाक सेकंदाला नऊएक फेरे घेतं. हजारो किलोमीटर असं घासल्यावर ती जागा बाकीच्या डिस्कपेक्षा पातळ होते आणि मग ब्रेक दाबला की स्टिअरिंग नाचतं. गॅरेजमध्ये याला 'डिस्क बेंड झाली' म्हणतात. बेंड झालेली नसते बिचारी, एका जागी पातळ झालेली असते. अशी डिस्क नंतर कितीही नीट बसवली तरी फरक पडत नाही. मला दुसरी जोडी घ्यावी लागली.

तारेच्या ब्रशने, मग पॉलिश पेपरने हबचं तोंड धातू दिसेपर्यंत घासा. बोल्टांच्या बुडाशी ब्रश पोहोचत नाही, तिथे पॉलिश पेपरची सुरळी करून घाला. मधल्या गोल उंचवट्यावर ग्रीसचा अगदी पातळ हात चालतो, सपाट तोंडावर जाड लेप नको. मग डिस्क बसवून दोन-तीन नटांनी आवळा आणि हाताने फिरवून बघा. डगमग मोजणारा डायल गेज कोणाकडे मिळाला तर फारच छान. चाकाचे नट ताऱ्याच्या क्रमाने (एकानंतर त्याच्या समोरचा), दोन-तीन टप्प्यांत आणि टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळा. छोट्या गाड्यांना बहुधा ८५ ते १२० न्यूटन-मीटर लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. टॉमीवर पाय देऊन उडी मारायची पद्धत विसरा. एक नट जास्त आवळला तरी डिस्क तिरकी बसू शकते.

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी दोनचारशे रुपये जास्त देऊन राखाडी लेप दिलेली डिस्क घ्यावी, असं माझं मत. पॅडखालचा लेप पहिल्या दिवशीच घासून जातो. कडांना आणि हबला टेकणाऱ्या भागाला तो टिकतो, आणि गंज पोखरतो नेमका तिथेच. लेप नसलेल्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं. ते ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसायला विसरू नका, नाहीतर नवे पॅड पहिल्याच दिवशी तेल पितात.

स्लाइड पिना आणि पॅडची खाच

आतला पॅड आधी का संपतो? आपल्या बहुतेक गाड्यांचा कॅलिपर, म्हणजे दोन्ही पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, सरकता असतो. ब्रेक ऑईलच्या दाबाने बाहेर येणारा पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो, आणि त्याच्या उलट जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला खेचतो. पिना गंजल्या की कॅलिपर सरकत नाही आणि सगळं काम एकटा आतला पॅड करतो. नवे पॅड टाकून पिना तशाच ठेवल्या, तर नव्याचंही तेच होणार.

दोन्ही पिना बाहेर काढा, जुनं वाळलेलं ग्रीस पुसा, भोकंही साफ करा. बऱ्याच गाड्यांत दोन पिना वेगळ्या असतात, एकीच्या टोकाला रबर असतं. कुठली वर, कुठली खाली याचा काढण्याआधीच फोटो घ्या. मग सिलिकॉनचं किंवा खास ब्रेकचंच ग्रीस लावा. घरात बेअरिंगच्या ग्रीसचा डबा असतो आणि हात तिकडेच जातो, पण पेट्रोलियमचं ग्रीस या रबराला फुगवतं. फुगलेलं रबर पिनेला पकडून बसतं. रबरी बूट फाटलेला असेल तर तोही बदला. आपल्या पावसात फाटका बूट म्हणजे एका मोसमात गंजलेली पिन.

पॅडचे कान ब्रॅकेटमध्ये जिथे बसतात तिथल्या पत्र्याच्या क्लिपा काढून खालचा गंज घासा. गंज क्लिपेला उचलतो, खाच अरुंद होते आणि पॅड घट्ट बसतो. काही जण मग पॅडचे कानच कानशीने घासतात. तसं करू नका. पॅड बोटाने सरकला पाहिजे.

पिस्टन मागे ढकलताना

आधी ब्रेक ऑईलची टाकी बघा. पॅड झिजत गेले तशी पातळी उतरली म्हणून मध्येच कोणीतरी काठोकाठ भरलेली असते. पिस्टन मागे गेला की ते ऑईल उतू जातं आणि रंगावर पडलं तर रंग सोलतं. आधी थोडं काढून घ्या, चुकून सांडलंच तर लगेच पाण्याने धुवा.

मागच्या ज्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची केबल थेट जोडलेली असते, त्यांचा पिस्टन फिरवत फिरवत आत न्यावा लागतो. तिथे सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा शिकंजा) लावून दाबलात तर आतली यंत्रणा तुटते. बटणाचा हँडब्रेक असलेल्या गाडीत आधी स्कॅनरने किंवा पुस्तकातल्या पद्धतीने तो सर्व्हिस मोडमध्ये न्यावा लागतो. त्याची तयारी नसेल तर मागचं काम गॅरेजला द्या, त्यात कमीपणा नाही.

कॅलिपर होजवर, म्हणजे ब्रेक ऑईलच्या रबरी नळीवर, लोंबकळत ठेवू नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. कॅलिपर सुटा असताना कुणालाही पेडल दाबू देऊ नका, पिस्टन बाहेर येईल. मुलं गाडीत बसून खेळत असतील तर आधी त्यांना उतरवा. ब्रेकची धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि गेल्या पावसाळ्यात उघडलेली ब्रेक ऑईलची अर्धी बाटली फेकून द्या. हे ऑईल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ कोरडं असताना कमीत कमी २३० अंशांना उकळतं, ओल शिरल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते. चोर्ला घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याला हा फरक पेडल खाली गेल्यावर कळतो.

सगळं जुळलं की गाडी सुरू करून पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा, हलवण्याआधीच. पहिलं पेडल सरळ तळाला जातं आणि समोर फाटक असतं. मग नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना नीट बसावेत म्हणून रविवारी पहाटे साखळीच्या मोकळ्या रस्त्यावर साठवरून पंधरा-वीसपर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवा, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं अंतर देऊन. शेवटी गरम ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी ठेवू नका.

काम झाल्यावर काही वाजलं, ओढलं तर

सतत बारीक खर्र-खर्र येत असेल तर आधी डिस्कमागचा पातळ पत्रा बघा. काम करताना तो हमखास वाकतो. बोटाने मागे ओढला की आवाज बंद.

ब्रेक दाबल्यावर गाडी डावीकडे जात असेल तर आधी टायरची हवा तपासा, मग उजवं चाक उघडा. गाडी जास्त धरणाऱ्या बाजूला जाते, म्हणजे कमी धरणारी बाजू उजवी. ब्रेक न दाबताच ओढत असेल तर मात्र ज्या बाजूला जाते तीच अडकलेली असते. तिथलं रिम जास्त गरम लागेल. हात जवळ न्या, टेकवू नका.

अडकलेलं चाक उचलून, हाताने फिरत नसताना, कॅलिपरचा ब्लीड निपल (ऑईल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) जरासा सैल करा. थोडं ऑईल येऊन चाक सुटलं तर दोष होजमध्ये किंवा त्याच्या वर, पेडलच्या बाजूला आहे. जुना होज आतून फुगतो आणि दाब परत सोडत नाही. तरीही सुटलं नाही तर पिन, पिस्टन किंवा घट्ट बसलेला पॅड. निपल परत आवळा आणि पेडल मऊ लागलं तर ऑईलच्या लाईनमधली हवा काढून घ्या. ऑईलची लाईन कुठेही न उघडता पेडल मऊ लागत असेल, तर पॅड खाचेत नीट बसलाय का ते बघा. जुन्या चऱ्या पडलेल्या डिस्कवर नवे पॅड टाकले असतील तरी तसंच होतं.

चवथीला आठ दिवस गाडी उभी राहिली की डिस्क तांबडी होते आणि पहिले चार-पाच ब्रेक खरखरतात. त्याने घाबरू नका, वीसेक किलोमीटरवर ती पुन्हा चकाकते. त्यानंतर आतल्या बाजूला बॅटरी मारून बघा. बाहेरची बाजू चकचकीत आणि आतली तांबडीच राहिली असेल, तर आतला पॅड खाचेत अडकलाय. उलट असेल, बाहेरची तांबडी आणि आतली चकचकीत, तर त्या पिना पुन्हा काढाव्या लागणार.