चोर्ला घाटात ब्रेक मऊ पडला तेव्हा

बेळगावहून गोव्याकडे बाईकवरून चोर्ला घाट उतरत होतो. मध्येच पुढच्या ब्रेकचा लिव्हर थेट मुठीला टेकायला लागला. कडेला थांबलो. डिस्क गार झाली तसा लिव्हर परत कडक! म्हणजे ब्रेक ऑइल उकळत होतं, आणि त्याच्या वाफेचे बुडबुडे दबून लिव्हर मऊ पडत होता.

घरी येऊन मास्टर सिलिंडरच्या (हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या) काचेतून बघितलं, ऑइल कोऱ्या चहासारखं काळं. चार पावसाळे खानापूरच्या ओलीत गेलेले, आणि हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. माझ्या गाडीत डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ३.७ टक्के पाणी धरलं की किमान हमी १५५ वर येते.

दुकानदार म्हणाला, "डॉट ५ न्या की, नंबर मोठा आहे." इथंच माणूस फसतो बघा. डॉट ५ सिलिकॉनचं, डॉट ४ मध्ये ते मिसळत नाही. डॉट ५.१ मात्र डॉट ४ सारखं ग्लायकॉलचंच, ते एकवेळ चाललं असतं. पण मास्टर सिलिंडरच्या टोपणावरच डॉट ४ कोरलेलं. सीलबंद बाटली आणली.

ब्लीडिंग करताना, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा काढून नवं भरताना, पेट्रोलच्या टाकीवर दोन थेंब सांडले. पाणी ओतेपर्यंत रंग फुगलासुद्धा. लिव्हर मात्र आता अर्ध्यातच थांबतो.