नेब्रास्कात प्रेअरी चिकनचा नाच बघायला जाताय? आधी टाइम झोन बघा

प्रेअरी चिकन म्हणजे गवताळ माळावरचा कोंबडीसारखा रानपक्षी. तो बघायला एप्रिलमध्ये सँडहिल्सला, म्हणजे नेब्रास्कातल्या वाळूच्या गवताळ टेकड्यांत, जाणार असाल तर दुर्बीण, जाकीट, टोपी घ्यालच, ते सांगत बसत नाही. पण टाइम झोन! थेडफर्ड सेंट्रल टाइममध्ये आणि तिथून पश्चिमेला मलन हे गाव माउंटन टाइममध्ये, एक तासाचा फरक, त्यात फोन जो टॉवर पकडेल त्याची वेळ दाखवतो. गाइड म्हणाला "पाचला या" की तिथल्या तिथे विचारायचं, कुठल्या टाइमचे पाच? आमचं एवढंच विचारायचं राहिलं आणि अख्खी सकाळ गेली.

कारण नर उजाडायच्या आधीच लेकवर येतात, म्हणजे नाचायच्या ठरलेल्या माळावर. एप्रिलच्या मध्यात मलनला सूर्य सहाच्या आसपास उगवतो, त्याआधी पाऊण-एक तास, मिट्ट काळोखात, आपण ब्लाइंडमध्ये, म्हणजे पक्ष्यांना दिसू नये अशा लपून बसायच्या आडोशात, जाऊन बसलेलं पाहिजे. नंतर चालत गेलात तर सगळे उडतात आणि आलेल्या माद्याही जातात. उशीर झाला तर जाऊच नका, प्लीज.

एकदा बसलात की पक्षी आपणहून जाईपर्यंत, दोनेक तास, बाहेर पडायचं नाही. बाथरूम आधी, कॉफी नंतर. पाय भयंकर गारठतात, जाड मोजे हवेतच. फ्लॅश बंद, कॅमेऱ्याचा फोकसचा दिवापण बंद, फोन सायलेंट, आणि फोन हातात आहेच तर आदल्या रात्रीच टाइम झोन मॅन्युअल करून टाका, हो, परत सांगतेय.

बुकिंग करताना लेक कुठल्या पक्ष्याचा ते विचारा. ग्रेटर प्रेअरी चिकनचा नर मानेवरची लांब पिसं शिंगांसारखी उभी करतो, थडथड पाय आपटतो, गळ्याच्या नारिंगी पिशव्या फुगवून असा घुमतो की शांत हवेत मैलभर ऐकू जातं. शार्प-टेल्ड ग्राउज हा त्याच्याच जातकुळीतला दुसरा पक्षी, त्याच्या पिशव्या जांभळ्या, तो पंख पसरून शेपटी खडखडवत गिरक्या घेतो, आणि मधेच सगळे नर एकदम थिजतात, परत एकदम सुरू. दोन्ही बघायचे तर दोन सकाळी ठेवा, आणि दोन्ही दिवशी वेळ सेंट्रल की माउंटन ते वेगवेगळं विचारा. लेन्स मधल्या नरांवर ठेवा, माद्या बहुतेक त्यांनाच निवडतात.

बाकी पेट्रोल आदल्या दिवशी, पंप लांब लांब आहेत. ऑफलाइन मॅप. खाणं गाडीत. ब्लाइंडमधला कचरा परत आणा.